भोंग्यापुढे नाजूक आवाज : अब्दुल करीम खाँसाहेब आणि रेकॉर्डिंगची गोष्ट

जयगडला शिमग्याला पालखी नाचते तेव्हा देवळाच्या मंडपात काढलेला व्हिडिओ घरी जाऊन लावा. ढोल-ताशा फाटलेला ऐकू येतो. जागा लहान, भिंतींवरून आवाज उलटा येतोय, आणि मोबाईलचा माईक तेवढ्या दणक्यासाठी बनलेलाच नाही. साधा उपाय म्हणजे चार पावलं मागे जाणं. नीट करायचं असेल तर डायनॅमिक माईक घ्यायचा. त्यात चुंबकाजवळ तारेचं वेटोळं हलतं, त्यामुळे तो मोठा आवाज पचवतो. कंडेन्सर माईकचा पडदा अगदी पातळ, तो बारीकसारीक हरकतही टिपतो, पण ढोलाच्या तोंडाशी धरला तर बऱ्याचदा आवाज फाटतो.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र अडचण बरोबर उलटी होती, आणि त्यात सापडलेले एक गवई म्हणजे मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

खाँसाहेबांचा जन्म 1872 चा, उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचा. किराणा घराणं हे नाव त्याच गावावरून पडलं. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात गायले. तिथेच ताराबाई माने भेटल्या आणि दोघं मुंबईला निघून आले. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे ही त्यांचीच मुलं. पुढे मिरज हेच खाँसाहेबांचं घर झालं. पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. तंबोरा जुळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि मिरज तर तंबोऱ्यांचंच गाव.

आवाज मात्र बारीक, टोकदार आणि गोड. तो काळ बिनमाईकचा. नाटकात केशवराव भोसले, बालगंधर्व गायचे ते पिटातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं. खाँसाहेबांची ताकद जोरात नव्हती, ती एकेका सुरावर थांबण्यात होती.

1905 च्या सुमारास त्यांच्या पहिल्या तबकड्या निघाल्या. तेव्हा गायकासमोर मोठा भोंगा असायचा. आवाज भोंग्यात शिरायचा, टोकाचा पडदा हलायचा आणि सुई मेणावर रेघ कोरायची. वीज नाही, आवाज वाढवायची सोय नाही. जे काही कोरायचं ते गळ्याच्या जोरावर! म्हणून तोंड भोंग्याजवळ नेऊन खणखणीत गावं लागे. तबला फार जवळ आला तर गाणं झाकायचा, लांब गेला तर गायब व्हायचा. बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ज्याचं गाणं हळुवारपणावर उभं, त्याच्यासाठी ही शिक्षाच म्हणायची.

1925 पासून जगात विजेवरचं रेकॉर्डिंग सुरू झालं. आता माईक आवाज पकडायचा, अ‍ॅम्प्लिफायर तो वाढवायचा आणि मग कोरणी चालायची. हळू गायलेला सूरही टिकू लागला. 1930 च्या दशकात ओडियन कंपनीसाठी खाँसाहेब असं गायले, तेव्हा साठी ओलांडलेली किंवा तिच्या उंबरठ्यावर. झिंझोटीतली ‘पिया बिन नाही आवत चैन’ आणि भैरवीतली ‘जमुना के तीर’ याच काळातल्या. यूट्यूबवर आधी 1905 ची तबकडी ऐका, मग ही. गवई तोच, पण दुसऱ्या वेळी तो तुमच्या कानाशी बसलाय असं वाटतं. वयाने आवाज थकला असेलही, तरी माझी निवड दुसरीच.

हे थोडं उशिरा झालं, हे खरं. 27 ऑक्टोबर 1937 ला मद्रासहून पाँडिचेरीला जाताना त्यांना वाटेत त्रास होऊ लागला. सिंगपेरुमल कोइल स्टेशनवर ते उतरले आणि तिथेच गेले. दफन मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ झालं. तिथे आजही उरुसात मोठमोठे गवई हजेरी लावतात.

तबकड्या मात्र फिरत राहिल्या. गदगच्या एका मुलाने झिंझोटीतली ती ठुमरी तबकडीवर ऐकली आणि असंच गायचं म्हणून घर सोडलं. बऱ्याच भटकंतीनंतर तो कुंदगोळला, खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारात पोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.