भवभूती : राजवंश, यज्ञ आणि करुणा

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• भवभूतीचे घराणे, विद्या व काळ यांची माहिती सांगता येईल.
• त्याच्या नाटकांत राजवंश, यज्ञ आणि बळी या कल्पना कोणते कार्य करतात, हे स्पष्ट करता येईल.
• त्याच्या नाटकांतील अद्भुत आणि करुण यांचे नाते उदाहरणांसह मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, अद्भुतरम्य महाकथांमध्ये दोन कल्पना वारंवार भेटतात. राजाच्या रक्तात काही विशेष सामर्थ्य असते, ही पहिली. मोठे सामर्थ्य हवे असेल तर कोणाचा तरी बळी द्यावा लागतो, ही दुसरी. टोल्किनच्या कादंबरीत रानोमाळ भटकणारा आरागॉर्न हा एका जुन्या राजवंशाचा वारस ठरतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या कथामालेत राजरक्ताच्या आहुतीने सुप्त शक्ती जागी होते, असे मानणारी एक पुरोहिता आहे. तुमच्यापैकी काहींनी ही कथा पडद्यावर पाहिलीही असेल.

या कल्पना आपल्याला नव्या नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजाचे जाधव घराणे आपले कूळ देवगिरीच्या यादवांशी जोडत असे. लोणारचे दैत्यसूदन मंदिर विष्णूने केलेल्या लवणासुराच्या वधाची कथा सांगते. बुलढाणा हे विदर्भाचे पश्चिम टोक. पूर्वेच्या टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळ, पद्मपूर नावाचे गाव आहे. हेच भवभूतीचे जन्मगाव होय, असे म. म. वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. राजवंश आणि बळी या दोन्ही कल्पना या नाटककाराने रंगभूमीवर आणल्या आणि त्यांची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवला. या घटकात आपण त्याचे चरित्र याच दृष्टीने पाहणार आहोत.

२. घराणे आणि विद्या

भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत स्वतःच्या कुळाची माहिती दिली आहे. कालिदासाने आपल्याविषयी असे काही सांगितलेले नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या माहितीचे मोल कळते. भवभूतीचे घराणे काश्यप गोत्राचे, कृष्णयजुर्वेदाच्या तैत्तिरीय शाखेचे होते. उदुंबर या नावाने ते ओळखले जाई. घरात पवित्र अग्नी अखंड राखले जात आणि सोमयाग होत. त्याच्या एका पूर्वजाने वाजपेय यज्ञ केला होता. आजोबांचे नाव भट्टगोपाल, वडिलांचे नीलकंठ, आईचे जातुकर्णी आणि गुरूंचे ज्ञाननिधी. श्रीकंठ या नावानेही भवभूती परिचित होता.

व्याकरण, मीमांसा आणि न्याय या तिन्ही शास्त्रांत तो निष्णात होता. त्यांपैकी मीमांसा हे यज्ञविधीच्या अर्थाचे शास्त्र आहे. आहुती कोणी द्यावी, कशाची द्यावी आणि तिचे फळ काय, यांची चर्चा त्यात येते. म्हणजे यज्ञ हा भवभूतीच्या घरचा आचारही होता आणि अभ्यासाचा विषयही. कुळाचा अभिमान त्याच्या शब्दाशब्दांत जाणवतो. अशा लेखकाने यज्ञाच्या वेदीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे दुःख पाहावे, हे त्याचे वेगळेपण होय.

३. राजाश्रय आणि जत्रेचा रंगमंच

भवभूतीचा काळ इसवी सनाच्या आठव्या शतकाचा पूर्वार्ध मानला जातो. कनौजचा राजा यशोवर्मा याच्या आश्रयाला वाक्पतिराज आणि भवभूती हे कवी होते, असे कल्हणाने बाराव्या शतकातील ‘राजतरंगिणी’त नोंदवले आहे. काश्मीरच्या ललितादित्याने याच यशोवर्म्याचा पराभव केला. राजवंशाचे वैभव किती क्षणिक असते, हे भवभूतीच्या काळानेच दाखवून दिले.

राजाश्रयाची नोंद अशी असली, तरी त्याच्या तिन्ही नाटकांच्या प्रस्तावना प्रेक्षकांना राजसभेत नव्हे, कालप्रियनाथाच्या यात्रेत बसवतात. देवाच्या जत्रेला जमलेला समुदाय हा त्याचा प्रेक्षक होता. मिराशींच्या मते हे देवस्थान यमुनाकाठच्या काल्पी येथील सूर्यमंदिर होय. समकालीन जाणकारांकडून योग्य मान मिळाला नाही, ही सल भवभूतीने बोलून दाखवली आहे. त्याचबरोबर आपल्या जातीचा रसिक कधी ना कधी, कुठे ना कुठे जन्माला येईल, असा विश्वासही त्याला होता.

४. ‘मालतीमाधव’ : दोन वेद्या

‘मालतीमाधव’ या दहा अंकी प्रकरणाचा नायक माधव हा विदर्भातील कुंडिनपुराचा, म्हणजे अमरावती जिल्ह्यातील आजच्या कौंडिण्यपुराचा. तो अमात्यपुत्र असून शिक्षणासाठी पद्मावती नगरीत आलेला आहे. तेथील अमात्याची कन्या मालती हिच्यावर त्याचे प्रेम बसते. परंतु तिचा विवाह नंदन या आपल्या मर्जीतील माणसाशी व्हावा, अशी राजाची इच्छा असते. राजाला नकार देण्याचे धैर्य पित्यापाशी नाही.

पाचव्या अंकात नाटक स्मशानात येते. निराश झालेला माधव अघोर उपायांकडे वळून पिशाचांना नरमांस विकू पाहतो. तेवढ्यात जवळच्या कराला देवीच्या मंदिरातून आर्त हाक ऐकू येते. अघोरघंट नावाचा कापालिक आणि त्याची शिष्या कपालकुंडला यांनी मालतीला बळी देण्यासाठी पळवून आणलेले असते. माधव अघोरघंटाचा वध करून तिला सोडवतो. पुढे सूड म्हणून कपालकुंडला मालतीला पुन्हा पळवते. या वेळी तिला वाचवते ती सौदामिनी. श्रीपर्वतावर साधना करून सौदामिनीनेही सिद्धी मिळवलेली आहे. मंत्रसामर्थ्य दोघींपाशी आहे. एकीचे सामर्थ्य जीव घेण्यासाठी, तर दुसरीचे जीव वाचवण्यासाठी वापरले जाते, एवढाच काय तो भेद.

या कथेची मांडणी बारकाईने पाहा. कापालिक मालतीला देवीपुढे अर्पण करणार असतो, आणि राजा तिला आपल्या मर्जीतल्या माणसाला अर्पण करणार असतो. एक वेदी स्मशानात आहे, दुसरी राजवाड्यात आहे. दोन्ही ठिकाणी मालतीची इच्छा कोणी विचारत नाही. पहिली वेदी प्रेक्षकाला तत्काळ भयंकर वाटते. दुसरीही तशीच आहे, हे नाटक त्याच्या हळूहळू लक्षात आणून देते.

५. ‘उत्तररामचरित’ : रक्ताची ओळख

भवभूतीच्या तीन नाटकांपैकी ‘महावीरचरित’ आणि ‘उत्तररामचरित’ ही दोन रामकथेवर आधारलेली आहेत. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात राम गरोदर सीतेला गतायुष्याची चित्रे दाखवतो. विश्वामित्राकडून मिळालेली जृंभकास्त्रे तिच्या संततीच्या सेवेला हजर होतील, असे तो म्हणतो. ही अस्त्रे शत्रुसैन्याला जागच्या जागी निश्चेष्ट करतात. त्यानंतर लोकापवाद कानी येतो आणि प्रजेच्या समाधानासाठी राम सीतेचा त्याग करतो.

बारा वर्षांनंतर राम अश्वमेध आरंभतो. यज्ञाला पत्नी हवी, म्हणून तिच्या जागी सीतेची सुवर्णप्रतिमा ठेवली जाते. जिवंत सीता राजधर्मासाठी अर्पण झालेली आहे आणि विधीसाठी तिची मूर्ती घडवली गेली आहे. यज्ञाचा घोडा वाल्मीकींच्या आश्रमाजवळ येताच लव तो अडवतो. लक्ष्मणपुत्र चंद्रकेतूच्या सैन्यावर तो जृंभकास्त्र सोडतो. कोणी न शिकवता ही अस्त्रे या मुलाला कशी प्राप्त झाली, याचा उलगडा कोणालाच होत नाही. पुढे लव आणि कुश यांना पाहून रामाच्या मनात ओळख जागी होते.

राजवंशाची खूण रक्तातील अद्भुत सामर्थ्याने पटणे, हा महाकथांतील परिचित प्रसंग आहे. सामान्यतः अशा प्रसंगी वारसाला सिंहासन मिळते. भवभूतीने मात्र या खुणेतून पित्याचा अपराध उघड केला आहे. मुलगा सापडण्याच्या क्षणीच, आपण कोणाला गमावले हे रामाला उमगते. अद्भुत येथे करुणाच्या सेवेला आले आहे. करुण हाच मूळ रस असून इतर रस ही त्याचीच रूपे होत, हा या नाटकातून व्यक्त झालेला विचार त्यामुळेच महत्त्वाचा ठरतो.

६. शंबूकाचा प्रश्न

याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात शंबूकवध येतो. शूद्र शंबूक तप करतो म्हणून ब्राह्मणाचा मुलगा मेला, आणि शंबूकाला मारल्यावरच तो जिवंत होतो, अशी ही कथा आहे. एका जिवाच्या बदल्यात दुसरा जीव, हे बळीचेच गणित होय. भवभूतीचा राम शस्त्र उगारताना अडखळतो आणि सीतेला टाकणाऱ्या आपल्या हाताला दयेशी काय कर्तव्य, असे स्वतःलाच विचारतो. तरीही वध टळत नाही. मृत शंबूक दिव्य रूप घेऊन रामाचे आभार मानतो, अशी योजना नाटककाराने केली आहे.

येथे आपण भवभूतीची मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. सीतेच्या दुःखाला त्याने संपूर्ण अंक दिले, शंबूकाला मात्र स्वतःची तक्रारही दिली नाही. चातुर्वर्ण्य टिकवायचे तर दंडाची धाक लागतेच, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मधील जातिनिर्मूलनविषयक ग्रंथात याच कथेच्या आधारे दाखवले. ज्या वेदीजवळ आपण वाढलो, तिच्यावरचा प्रत्येक बळी आपल्याला दिसतोच असे नाही, हा बोध भवभूतीच्या चरित्रातून घेता येतो.

७. मराठीशी नाते

भवभूतीला समुद्राची उपमा देऊन त्याचे ऋण मान्य करणाऱ्या वाक्पतिराजाचे ‘गउडवहो’ हे काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. मराठीच्या पूर्वपीठिकेत या भाषेचे स्थान तुम्ही अभ्यासले आहेच. एकोणिसाव्या शतकात परशुरामपंत तात्या गोडबोले यांनी ‘उत्तररामचरिता’चे, तर कृष्णशास्त्री राजवाडे यांनी १८६१ मध्ये ‘मालतीमाधवा’चे मराठी भाषांतर केले. डॉ. रा. गो. भांडारकर यांनी १८७६ मध्ये ‘मालतीमाधवा’ची संपादित आवृत्ती सिद्ध केली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी संस्कृत कवींवरील आपल्या निबंधांत भवभूतीला स्थान दिले. बंगालीत बंकिमचंद्रांनी १८६६ मध्ये आपल्या कादंबरीला ‘कपालकुंडला’ हे नाव दिले. रसिक पुढे जन्मेल, हा त्याचा विश्वास काळाने खरा ठरवला.

८. सारांश

भवभूती यज्ञनिष्ठ घराण्यात जन्मला आणि राजाश्रयास राहिला. राजवंशाचे तेज व मंत्राचे सामर्थ्य यांवर त्याची श्रद्धा होती. तथापि, त्याच्या नाटकांत अस्त्रांपेक्षा अश्रू मोठे ठरले. पुढच्या वेळी एखाद्या कथेत राजरक्ताचा महिमा वाचाल, तेव्हा वेदीवर कोण आहे आणि त्याला बोलू दिले आहे का, हे अवश्य पाहा.

स्वाध्याय

१. ‘मालतीमाधवा’तील राजा आणि कापालिक यांच्या मालतीविषयीच्या वृत्तीत कोणते साम्य आहे?
२. जृंभकास्त्रांचा प्रसंग अद्भुताकडून करुणाकडे कसा जातो, ते स्पष्ट करा.
३. शंबूकवधाच्या चित्रणातील भवभूतीचे सामर्थ्य आणि मर्यादा यांवर टीप लिहा.
४. तुमच्या परिसरातील एखादी राजकुळाची किंवा असुरवधाची लोककथा ज्येष्ठांकडून ऐकून लिहून काढा आणि त्या कथेत कोणाची बाजू अनुक्त राहिली आहे, ते सांगा.