नकार पचवताना : यीट्स आणि मॉड गॉन

इंग्रजी ‘गीतांजली’ला १९१२ साली प्रस्तावना लिहिणारा आयरिश कवी म्हणून विल्यम बटलर यीट्स आपल्याला ठाऊक असतो. त्याच्या आयुष्यातली दुसरी गोष्ट नकारांची आहे.

जानेवारी १८८९मध्ये मॉड गॉन त्याच्या लंडनच्या घरी आली. उंच, देखणी, आयर्लंडच्या स्वातंत्र्याने झपाटलेली. तेवीस वर्षांचा यीट्स त्या दिवशीच कामातून गेला. १८९१ साली त्याने मागणी घातली. ती नाही म्हणाली, पण मैत्री तिला हवी होती. पुढच्या दहा वर्षांत त्याने पुन:पुन्हा विचारलं, उत्तर तेच.

१९०२ साली त्याच्या ‘कॅथलीन नी हूलिहान’ नाटकात तिने मुख्य भूमिका केली, आणि पुढच्या वर्षी कॅथलिक होऊन मेजर जॉन मॅकब्राइडशी लग्न केलं. प्रोटेस्टंट घरातल्या यीट्सला दोन्ही गोष्टी झोंबल्या. तरी दोनच वर्षांत ते लग्न मोडायला आलं, तेव्हा तो तिच्या पाठीशी उभा राहिला. इथं त्याचं कौतुक वाटतं.

पण मग १९१९ची ती कविता आठवते, तान्ह्या मुलीसाठी केलेली प्रार्थना. मुलगी हट्टी मतांची होऊ नये, असं तो मागतो. रोख कुणावर आहे ते उघड आहे. लेकीच्या पाळण्याशी उभं राहून जुना हिशेब कशाला चुकता करायचा?

१९१६च्या उठावानंतर इंग्रजांनी मॅकब्राइडला गोळ्या घातल्या. यीट्सने लगेच फ्रान्स गाठून मॉडला परत विचारलं. नकार. मग १९१७ साली तिच्याच मुलीला, इझल्टला, मागणी घातली. ती तेवीसची, तो बावन्नचा. तीही नाही म्हणाली. कवी म्हणून आपण हे हसण्यावारी नेतो, पण मला वाचताना कसंतरीच झालं. त्याच ऑक्टोबरमध्ये त्याने पंचवीस वर्षांच्या जॉर्जी हाइड-लीजशी लग्न केलं. मधुचंद्रातच तो उदास बसला. तिनेच त्याला सावरलं. तिचं नाव मात्र आपण सहसा घेत नाही.

उठावावरच्या कवितेत यीट्सने मॅकब्राइडला हुतात्म्यांत जागा दिली, कुरकुरत का होईना.

१९३९ साली तो फ्रान्समध्ये वारला. १९४८ साली त्याचे अवशेष बोटीने आयर्लंडला आणले, तेव्हा सरकारतर्फे हजर असलेले परराष्ट्रमंत्री होते शॉन मॅकब्राइड. मॉडचा मुलगा. मॉड तेव्हा हयात होती.