दूरदर्शनवर बातम्या वाचणारी मुलगी मोठ्या पडद्यावर पोहोचली, ती गोष्ट : स्मिता पाटील

मुरुडहून पेणमार्गे पनवेलकडे निघालात की मुंबई-गोवा महामार्गावर अंगठ्यासारखा एक सुळका दिसतो. तो कर्नाळा. याच परिसरातल्या ठाकरांची गोष्ट सांगणारा 'जैत रे जैत' १९७७ साली आला. तेव्हा मुरुड काय आणि कर्नाळा काय, सगळं कुलाबा जिल्ह्यात होतं. रायगड हे नाव नंतरचं.

या सिनेमातली चिंधी आठवते? ती स्मिता पाटील.

तिच्या घरात सिनेमा नव्हता. मग ती इथवर आली कशी? तर सरकारी टीव्हीमुळे.

स्मिताचा जन्म १७ ऑक्टोबर १९५५ चा, पुण्यातला. वडील शिवाजीराव पाटील मूळचे खानदेशातले, राजकारणात मोठं नाव. आई विद्याताई समाजकार्यात. वडिलांच्या राजकारणामुळे पुढे कुटुंब मुंबईला आलं.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. दिल्लीनंतरचं देशातलं हे दुसरं केंद्र. नव्या केंद्राला नवे चेहरे हवे होते, आणि स्मिता मराठी बातम्या वाचायला लागली. घाईच्या वेळी ती जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, असा किस्सा आजही सांगितला जातो.

टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. पण सावळा रंग, मोठे डोळे आणि ठाम आवाज लोकांच्या लक्षात राहिला. दिग्दर्शक श्याम बेनेगल यांच्याही राहिला. त्यांनी तिला 'चरणदास चोर'मध्ये घेतलं. मग 'निशांत', 'मंथन' आणि १९७७ चा 'भूमिका'. हंसा वाडकर यांच्या आत्मचरित्रावर बेतलेल्या 'भूमिका'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वय होतं अवघं बावीसच्या आसपास. पुढे 'चक्र'साठी दुसरा.

गोऱ्यापान नायिकांच्या त्या काळात एखाद्या निर्मात्याने या मुलीवर पैसे लावले असते का? सांगणं कठीण आहे. दूरदर्शनला मात्र तिकीट विकायचं नव्हतं. म्हणून तिथे हा चेहरा रोज दिसू शकला.

दूरदर्शनचं काम चेहरा देऊन संपलं नाही. १९८१ मध्ये सत्यजित राय यांनी प्रेमचंदांच्या कथेवर 'सद्गती' बनवला, तो दूरदर्शनसाठी. जेमतेम पाऊण-एक तासाचा चित्रपट. पंडिताच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता दुखी मरतो आणि त्याच्या प्रेताला हात लावायला कुणी तयार होत नाही. दुखी झाला होता ओम पुरी, आणि त्याची बायको झुरिया झाली होती स्मिता. एवढ्या लांबीचा, जातीवर असं थेट बोट ठेवणारा सिनेमा थिएटरवाल्याने लावला नसता. सरकारी वाहिनीने तो बनवून घेतला.

नेमकं हेच तेव्हा ब्रिटनमध्येही सुरू होत होतं. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये तिथे चॅनेल फोर आलं. मालकी सार्वजनिक, कमाई जाहिरातींची. या वाहिनीने स्वतः कार्यक्रम बनवायचे नाहीत, बाहेरच्यांकडून बनवून घ्यायचे, असं धोरण होतं. सिनेमा तयार झाल्यावर हक्क विकत घेण्याऐवजी तिने तो बनण्याआधीच पैसे घातले. बदल्यात सिनेमा टीव्हीवर दाखवायचा हक्क मिळायचा. त्यातून 'माय ब्युटिफुल लाँड्रेट'सारखे सिनेमे उभे राहिले. बीबीसीही सिनेमात पैसा घालते.

या दोन वाटा मुंबईत एकत्र आल्या. फुटपाथवरच्या मुलांवरचा मीरा नायर यांचा 'सलाम बॉम्बे!' १९८८ साली आला. त्यात ब्रिटनच्या चॅनेल फोरचा पैसा होता, आपल्या एनएफडीसीचा होता आणि दूरदर्शनचाही.

तो बघायला स्मिता नव्हती.

मधल्या काळात तिने 'उंबरठा' केला, 'अर्धसत्य' केला. 'नमक हलाल' आणि 'शक्ती'सारखे मसालापटही केले. १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. १९८६ च्या नोव्हेंबरअखेर तिला मुलगा झाला. बाळंतपणानंतर प्रकृती बिघडली आणि १३ डिसेंबरला ती गेली. वय ३१ वर्षं.

'मिर्च मसाला' तिच्या मृत्यूनंतर पडद्यावर आला. त्यालाही पैसा दिला होता सरकारी एनएफडीसीनेच.

आज मोबाईलवर कुणीही कॅमेऱ्यासमोर येऊ शकतं. पण किती लोक बघतील याचा हिशेब न करता एखाद्या नवख्या मुलीला रोज संधी देणारी, किंवा न चालणारा सिनेमा मुद्दाम बनवून घेणारी जागा किती उरली आहे?

पुढच्या वेळी कर्नाळ्यावरून जाताना चिंधी आठवली, तर तिच्यासोबत मुंबई दूरदर्शनवरच्या बातम्याही आठवा.