दुर्गाबाई खोटे : पडद्याकडून रंगभूमीकडे

मराठी नटांच्या चरित्रांचा एक ठरीव आराखडा आहे. लहानपणी नाटकमंडळीत प्रवेश, तालमींतून झालेली घडण, रंगभूमीवर मिळालेला लौकिक आणि नाटकमंडळ्या मोडकळीस आल्यावर बोलपटांकडे वळणे, असा तो आराखडा होय. केशवराव दाते यांच्या कारकिर्दीत तो स्पष्ट दिसतो. प्रत्यक्ष बालगंधर्वही १९३५ मध्ये ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’साठी कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. दुर्गाबाई खोटे यांची वाट मात्र याच्या नेमकी उलट आहे. त्या आधी पडद्यावर आल्या, तेथे प्रस्थापित झाल्या आणि त्यानंतर रंगभूमीकडे वळल्या. ही उलटी वाट त्यांना का धरावी लागली आणि तिचा त्यांच्या अभिनयावर कोणता परिणाम झाला, याचा विचार त्यांच्या चरित्राच्या आधारे येथे करावयाचा आहे. त्यांची लोकमानसातील प्रतिमा आज प्रामुख्याने हिंदी चित्रपटांतील आईची आहे. त्या प्रतिमेने त्यांच्या कर्तृत्वाचा बराच भाग झाकून टाकला असल्याने हा विचार आवश्यक वाटतो.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईत झाला. माहेरचे नाव विठा लाड. घराणे मूळचे गोव्याचे, घरातील बोली कोकणी, परिस्थिती सधन आणि वातावरण सुशिक्षित होते. कॅथीड्रल हायस्कूल आणि नंतर सेंट झेवियर्स महाविद्यालय येथे त्यांचे शिक्षण झाले. त्या काळातील मुलींच्या मानाने हे शिक्षण असामान्यच म्हटले पाहिजे. महाविद्यालयीन वयातच त्यांचा विवाह खोटे कुटुंबातील विश्वनाथ खोटे यांच्याशी झाला. बकुल आणि हरीन हे त्यांचे दोन पुत्र. तथापि सासरच्या ऐश्वर्याला लवकरच ओहोटी लागली, संसाराची आर्थिक घडी विस्कटली आणि तरुण वयातच त्यांना वैधव्यही आले. ज्या वर्गातील स्त्रीने अर्थार्जन करणे कोणाला अपेक्षित नव्हते, त्या वर्गातील या स्त्रीवर मुलांच्या पालनपोषणाचा भार पडला. त्यांनी आरंभी शिकवण्या केल्या. चित्रपटात त्या आल्या त्या कलेच्या ओढीने नव्हे, तर चरितार्थाच्या गरजेने, ही गोष्ट त्यांच्या पुढील वाटचालीची संगती लावताना विसरता येत नाही.

पडद्यावरील त्यांचा आरंभ मुळीच शुभ नव्हता. मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’ (१९३१) या चित्रपटात त्यांनी एक छोटी भूमिका केली. चित्रपट सुमार होता आणि प्रतिष्ठित घराण्यातील स्त्री त्यात दिसल्यामुळे समाजात गहजब झाला. अशा वेळी ‘प्रभात’च्या व्ही. शांताराम यांनी त्यांना ‘अयोध्येचा राजा’मधील तारामतीच्या भूमिकेसाठी बोलावले. कोल्हापूर येथे तयार झालेला आणि फेब्रुवारी १९३२ मध्ये प्रदर्शित झालेला हा चित्रपट मराठीतील पहिला बोलपट मानला जातो. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. पार्श्वगायनाची सोय तेव्हा नसल्याने नटांना आपली पदे स्वतःच म्हणावी लागत. रंगभूमीचा कोणताही पूर्वसंस्कार नसलेल्या दुर्गाबाईंनी टेंब्यांसारख्या मुरलेल्या संगीत-नटासमोर ही भूमिका निभावली. त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’मध्ये त्या स्त्रीराज्याच्या राणीच्या भूमिकेत दिसल्या. एका बाजूला पतीमागे दास्य पत्करणारी तारामती आणि दुसऱ्या बाजूला पुरुषसत्ता झुगारणारी राणी, अशा दोन टोकांच्या भूमिका एकाच वर्षात त्यांच्या वाट्याला आल्या.

येथे एका रूढ विधानाची तपासणी करणे इष्ट ठरेल. दुर्गाबाईंमुळे कुलीन स्त्रियांना चित्रपटाची दारे खुली झाली, असे सातत्याने म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. परंतु या विधानामुळे त्यांच्या आधीच्या स्त्रियांचे श्रम नकळत पुसले जातात. दादासाहेब फाळके यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ सालीच दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या होत्या. दुर्गाबाई खोटे यांचे वेगळेपण ‘पहिलेपणा’त नाही. आपल्या शिक्षणाचा आणि सामाजिक स्थानाचा उपयोग त्यांनी व्यवसायातील स्वातंत्र्य मिळविण्यासाठी केला, यात ते आहे. त्या काळी नट-नट्या चित्रसंस्थेच्या पगारी नोकर असत. दुर्गाबाईंनी मात्र एकाच संस्थेशी बांधून घेतले नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये देवकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी ‘राजरानी मीरा’ (१९३३) केला. ईस्ट इंडिया फिल्म कंपनीच्या ‘सीता’ (१९३४) मध्ये त्यांनी नायिकेची भूमिका केली. दोन्ही चित्रपटांत पृथ्वीराज कपूर त्यांच्यासमवेत होते. पुन्हा ‘प्रभात’मध्ये येऊन त्यांनी ‘अमरज्योती’ (१९३६) मधील सौदामिनी साकार केली. अपत्यावरील हक्क कायद्याने नाकारल्यामुळे राजसत्तेविरुद्ध शस्त्र उचलून समुद्रावर चाचेगिरी करणारी ही स्त्री तत्कालीन भारतीय चित्रपटातील एक अपूर्व व्यक्तिरेखा होय. याच दशकाच्या उत्तरार्धात ‘सवंगडी’ या चित्रपटाच्या निर्मितीची जबाबदारीही त्यांनी घेतली. स्त्रीने निर्माती होणे ही तेव्हा विरळा घटना होती.

१९४० नंतर त्यांच्या भूमिकांचे स्वरूप पालटले. आचार्य अत्रे यांच्या ‘पायाची दासी’ (१९४१) मध्ये त्यांनी खाष्ट सासू रंगविली, तेव्हा त्यांचे वय अवघे ३६ होते. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत भेट’मध्ये त्या कैकेयी झाल्या आणि १९४३ मध्ये सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वी वल्लभ’मध्ये मृणालवती. नायिकापदाचा आग्रह न धरता त्यांनी उग्र, महत्त्वाकांक्षी, अंतर्द्वंद्वाने पोळलेल्या स्त्रिया स्वीकारल्या. नायिकेचे वय सरल्यावर व्यवसायातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या नट्यांच्या तुलनेत हा निर्णय धोरणी होता. परंतु तो केवळ धोरणाचा भाग नव्हता. या भूमिकांतूनच त्यांच्या अभिनयाला धार आली आणि त्याच त्यांना रंगभूमीकडे घेऊन गेल्या.

दुर्गाबाईंच्या तारुण्यात मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका प्रामुख्याने पुरुषच करीत असत. हिराबाई बडोदेकरांचे प्रयत्न आणि १९३३ मधील ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’तील ज्योत्स्नाबाई भोळे यांचा प्रवेश यांमुळे ही स्थिती हळूहळू बदलली. म्हणजे ज्या काळात दुर्गाबाईंना उपजीविकेचे साधन हवे होते, त्या काळात रंगभूमी त्यांच्यासारखीला ते देण्याच्या स्थितीत नव्हती. पुढे मुंबई मराठी साहित्य संघाने डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने जुन्या नाटकांचे पुनरुज्जीवन आरंभिले, तेव्हा या रंगमंचावर दुर्गाबाई उभ्या राहिल्या. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘भाऊबंदकी’तील आनंदीबाई ही त्यांची गाजलेली भूमिका. राघोबा होते नानासाहेब फाटक. १९०९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा आनंदीबाई पुरुषनटासाठी लिहिली गेली होती. खाडिलकरांची भारदस्त, लांब पल्ल्याची वाक्ये पुरुषी कंठातून उमटतील हेच त्या लेखनाने गृहीत धरले होते. तीच वाक्ये आता एका स्त्रीच्या मुखातून आली आणि भूमिकेचा अर्थच सरकला. स्त्रीपार्टी नटाच्या आनंदीबाईत दुष्टतेचा ठसा ठळक होण्याचा धोका असे. स्त्रीने ती केल्यावर सत्तेच्या परिघाबाहेर ठेवल्या गेलेल्या बुद्धिमान बाईची कोंडी पुढे येण्यास वाव मिळाला. वि. वा. शिरवाडकर यांनी ‘मॅकबेथ’वरून रचलेल्या ‘राजमुकुट’ (१९५४) मध्येही फाटक आणि दुर्गाबाई ही जोडी होती. पतीला राज्यलोभाकडे ढकलणारी राणी ही आनंदीबाईचीच सख्खी बहीण. कैकेयी, आनंदीबाई आणि ‘राजमुकुट’मधील राणी या तिन्ही भूमिका एकत्र पाहिल्या, म्हणजे पडदा आणि रंगमंच यांतून वाहणारे एकच सूत्र ध्यानात येते. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीने अभिनयासाठी त्यांचा गौरव केला.

त्यानंतरची तीन दशके आईच्या भूमिकांची समजली जातात. ‘मुगल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई ही त्यांतील सर्वांत संस्मरणीय. पती आणि पुत्र यांच्या संघर्षात दुभंगलेल्या या राणीसमोर अकबर म्हणून पृथ्वीराज कपूर उभे होते. ‘राजरानी मीरा’नंतर २७ वर्षांनी ते दोघे पुन्हा अशा तोलामोलाने समोरासमोर आले. ‘बॉबी’ (१९७३) मध्ये त्यांनी गोव्याची ख्रिस्ती आजी रंगविली, तर ‘बिदाई’ (१९७४) साठी वयाच्या सत्तरीच्या उंबरठ्यावर त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. मात्र या काळातील त्यांचा दुसरा उद्योग फारसा चर्चिला जात नाही. ‘फॅक्ट फिल्म्स’ आणि नंतर ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ या संस्थांद्वारे त्यांनी लघुपट, अनुबोधपट आणि जाहिरातपट यांची निर्मिती दीर्घकाळ केली. आर. के. लक्ष्मण यांच्या लेखनावर आधारलेली दूरदर्शनची ‘वागले की दुनिया’ (१९८८) ही मालिका याच संस्थेची. म्हणजे मूकपटाच्या अखेरीस आरंभ झालेली कारकीर्द दूरचित्रवाणीच्या युगापर्यंत पोहोचली. १९६८ मध्ये पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार हे त्यांचे प्रमुख सन्मान. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ (१९८२) हे आत्मचरित्र विशेष महत्त्वाचे वाटावे. हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’शी (१९७०) त्याची तुलना उद्बोधक ठरते. वाडकरांचे निवेदन उद्ध्वस्ततेचे आहे, दुर्गाबाईंचे सावरण्याचे. धाकटे पुत्र हरीन यांच्या अकाली मृत्यूसारखे आघात सोसूनही ते कामाचा धागा सोडत नाही. या संयमाला आत्मसंकोच म्हणावे की वर्गीय संस्कार, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारावा असाच आहे. शांता गोखले यांनी २००६ मध्ये केलेल्या इंग्रजी अनुवादामुळे हे लेखन मराठीबाहेरही पोहोचले.

दुर्गाबाईंच्या चतुरस्रतेचा उल्लेख बहुधा प्रतिभेची देणगी म्हणून होतो. प्रतिभा होतीच. परंतु चरित्राचा क्रम पाहता असे दिसते, की प्रत्येक वळणावर परिस्थितीने एक दार बंद केले आणि त्यांनी दुसरे उघडले. पैसा गेला तेव्हा चित्रपट, नायिकेचे वय उतरले तेव्हा करारी स्त्रीभूमिका, पडद्याने आईपणात कोंडले तेव्हा रंगमंच आणि निर्मिती. म्हणूनच त्यांना केवळ पडद्यावरची आई म्हणून स्मरणे अपुरे आहे. अर्धशतकाहून अधिक काळ स्वतःच्या श्रमावर उभी राहिलेली व्यावसायिक स्त्री, ही त्यांची खरी ओळख होय. आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात तिची नोंद आनंदीबाईपासून सुरू व्हावयास हवी.