खेळाडू हवेत? आधी शिक्षक घडवा! लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांची गोष्ट

लोणावळा म्हटलं की चिक्की आणि भुशी डॅम आठवतो. पण शाळेतल्या 'पीटी'च्या तासाचा एक धागाही मावळातल्या याच गावाशी जोडलेला आहे.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ मध्ये गुजरातमधल्या डभोईचा. संस्कृतचे हुशार विद्यार्थी. बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे ते देशी व्यायाम शिकले, पुढे माधवदासजी महाराजांकडे योग. हेच स्वामी कुवलयानंद.

१९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. नुसत्या श्रद्धेवर त्यांचं समाधान होत नव्हतं. नौली करताना पोटातला दाब किती बदलतो, हे त्यांनी उपकरणं लावून मोजलं. एक्स-रे काढले. निष्कर्ष 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापले.

१९३७ मध्ये मुंबई सरकारने शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपद त्यांना दिलं. खरा प्रश्न होता, शाळेत व्यायाम शिकवणार कोण? तालमीतला वस्ताद मोजके पठ्ठे घडवतो. प्रत्येक गावातल्या मुलांपर्यंत पोहोचायचं, तर प्रशिक्षित शिक्षकच हवेत. १९३८ मध्ये कांदिवलीत असे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली.

१९६६ मध्ये स्वामीजींचं निधन झालं.

ऑलिंपिक आलं की आपण पदकं मोजतो. पण खेळाडूची सुरुवात शाळेच्या मैदानावर होते. तुमच्या शाळेत पीटीचा तास व्हायचा, की त्या वेळेत गणित शिकवायचे?