विश्लेषण : जुन्या घड्याळाचे वय क्रमांकावरून कसे कळते? अब्राहम-लुई ब्रेगे यांच्या नोंदवह्यांचे महत्त्व काय?

जुने स्विस घड्याळ हाती आले की जाणकार आधी त्यावरचा क्रमांक पाहतात. मात्र, हा क्रमांक उत्पादकाच्या नोंदीशी जुळला, तरच घड्याळाचे वय कळते. अशा नोंदी चोख ठेवणाऱ्यांत अब्राहम-लुई ब्रेगे यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते.

कोण होते ब्रेगे?

त्यांचा जन्म १० जानेवारी १७४७ रोजी आजच्या स्वित्झर्लंडमधील नूशातेल येथे झाला. लहानपणीच वडील वारले. घड्याळांच्या व्यवसायातील सावत्र वडिलांमुळे ते या धंद्यात आले आणि किशोरवयात शिकायला फ्रान्सला गेले. १७७५ मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये सीन नदीतील बेटावर स्वतःचे दुकान थाटले. चावी न देता, खिशातल्या हालचालीवर चालणाऱ्या त्यांच्या घड्याळांनी राजदरबाराचे लक्ष वेधले.

क्रमांकांची पद्धत काय होती?

सुरुवातीच्या काही घड्याळांवर अनुक्रमांकाबरोबर महिना आणि वर्षही कोरलेले असे. १७८७ पासूनच्या नोंदवह्या आजही उपलब्ध आहेत. कोणत्या क्रमांकाचे घड्याळ कोणाला, कधी आणि किती किमतीला विकले, हे त्यांत सापडते.

केवळ क्रमांक का पुरत नाही?

१६० क्रमांकाचे घड्याळ हे याचे ठळक उदाहरण. राणी मारी आंत्वानेतसाठी ते १७८३ मध्ये सांगण्यात आले. वेळ आणि खर्चाचे बंधन नव्हते. पुढे राज्यक्रांती झाली. १७९३ मध्ये राणीचा शिरच्छेद झाला. दरबाराशी संबंध असलेले ब्रेगे त्याच वर्षी जीव वाचवण्यासाठी स्वित्झर्लंडला गेले. क्रांतिकारक नेता आणि त्यांचा मित्र ज्याँ-पॉल मारा याने त्यांना प्रवासाचा परवाना मिळवून दिल्याचे सांगितले जाते. १७९५ मध्ये ते परतले. हे घड्याळ मात्र १८२७ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर चार वर्षांनी पूर्ण झाले. क्रमांक लहान असला तरी घड्याळ जुन्या काळातच पूर्ण झाले, असे मानता येत नाही, ते यामुळेच.

नकली घड्याळांना आळा कसा घातला?

नाव झाले तशा ब्रेगेंच्या नावाच्या नकलाही बाजारात आल्या. त्यावर १७९५ च्या सुमारास त्यांनी तबकडीवर अतिशय बारीक गुप्त सही कोरण्यास सुरुवात केली. प्रकाश तिरपा पडला, तरच ती दिसते. काही तबकड्यांवर सहीसोबत घड्याळाचा क्रमांकही असतो. तबकडी, यंत्र आणि नोंदवही यांचा मेळ बसला नाही, तर संशयाला जागा उरते.

आज या नोंदींचा उपयोग काय?

१८०१ मध्ये ब्रेगे यांनी टूरबिलॉनचे पेटंट घेतले. नेपोलियनची बहीण, नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने १८१० मध्ये मनगटावर बांधण्याचे घड्याळ मागवले. त्याचा क्रमांक २६३९. ते घड्याळ आज उपलब्ध नाही. तरीही ते बनले होते आणि दुरुस्तीला आले होते, हे वह्यांमुळेच समजते. १७ सप्टेंबर १८२३ रोजी पॅरिसमध्ये ब्रेगे यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या कंपनीकडे असलेल्या या नोंदींच्या आधारे जुन्या घड्याळांची सत्यता आजही तपासली जाते.