कुमारी कॉर्नेलिया सोराबजी

बाप वारलेला, आई पडद्याआड, आणि नांवावर मोठी जमीनदारी, अशा अज्ञान मुलास आपण भाग्यवान समजतों. प्रत्यक्षांत त्याच्याइतकें असुरक्षित मूल क्वचितच असेल. चुलता, दिवाण, सावकार या सर्वांची दृष्टि त्या मिळकतीवर असते आणि मध्यें उभें असतें एक पांच-सात वर्षांचें पोर. अशा मुलांच्या व त्यांच्या आयांच्या वतीनें सरकारदरबारीं बोलण्याचें काम ज्या बाईंनीं जवळजवळ वीस वर्षें केलें, त्या आपल्या पुण्यांत वाढल्या व शिकल्या, हें आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजीं नाशिक येथें झाला. वडील रेव्हरंड सोराबजी खरशेटजी हे जन्मानें पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते मिशनच्या कार्यांत पडले. आई फ्रान्सिनाबाई यांस लेडी फोर्ड या इंग्रज बाईंनीं आपल्या घरीं वाढविलें होतें. त्याच बाईंचें नांव पुढें मुलीस ठेवण्यांत आलें. कांहीं वर्षें बेळगांवीं काढून हें कुटुंब पुण्यास आलें. येथें फ्रान्सिनाबाईंनीं १८७६ सालीं व्हिक्टोरिया हायस्कूल काढलें, आणि निरनिराळ्या समाजांच्या मुलांकरितां मराठी, गुजराथी व उर्दू शाळाही चालविल्या. घर सदा गजबजलेलें असे, आणि मदत मागावयास येणाऱ्या बायकांची दाराशीं रीघ असे.

त्यांतच एके दिवशीं गुजराथेकडील एक श्रीमंत विधवा आली. तिचा सर्व व्यवहार कारभाऱ्याच्या हातीं होता. त्यानें सांगितलें तेथें तिनें विश्वासानें सही केली होती, आणि तो कागद कोरा होता. पुढें त्या कोऱ्या कागदावर काय लिहिलें गेलें, हें सांगावयास नको. मिळकत कारभाऱ्याची झाली. फ्रान्सिनाबाई तिचे डोळे पुसूं शकल्या, पण सहीचा कागद फिरवूं शकल्या नाहींत. त्याला कायद्याचें ज्ञान पाहिजे होतें. लहानगी कॉर्नेलिया हें सारें पाहत होती. आपण कायदा शिकावयाचा, हा तिचा निश्चय त्या प्रसंगापासूनचा.

निश्चय करणें सोपें होतें. डेक्कन कॉलेजांत ती एकटीच मुलगी. वर्गाचें दार तिच्या तोंडावर लावून घेणारे विद्यार्थीही तेथें होते. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर होण्याचा मान तिनें मिळविला, तोही इलाख्यांत अग्रक्रमानें. या यशाबद्दल विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति मिळावयाची. पण उमेदवार स्त्री आहे असें पाहून ती नाकारण्यांत आली. कांहीं काळ अहमदाबादेस गुजरात कॉलेजांत तिनें मुलग्यांना इंग्रजी शिकविलें. अखेर फ्लॉरेन्स नाइटिंगेल, सर विल्यम वेडरबर्न प्रभृति मंडळींनीं पैसा जमविला, आणि १८८९ सालीं ती ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्यें दाखल झाली. १८९२ सालीं विद्यापीठानें खास ठराव करून तिला बी. सी. एल. या कायद्याच्या परीक्षेस बसूं दिलें. त्यापूर्वीं कोणीही स्त्री त्या परीक्षेस बसली नव्हती. ती तिसऱ्या वर्गांत उत्तीर्ण झाली. पदवी मात्र मिळाली नाहीं. स्त्रियांस पदवी देण्याचा नियमच तेव्हां तेथें नव्हता.

स्वदेशीं परतल्यावर तीच गोष्ट. कायदा येतो, पण वकिलीचा अधिकार नाहीं. मुंबईची एल्एल्. बी. आणि अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा देऊनही दार उघडलें नाहीं. काठेवाड व इंदूर येथील पोलिटिकल एजंटांपुढें पडदानशीन स्त्रियांची बाजू मांडण्याची खास परवानगी तेवढी मिळाली. याच काळांतील एक मौजेची हकीकत त्यांनीं लिहून ठेविली आहे. एका संस्थानांत त्यांचा अशील चक्क हत्ती होता. त्याच्या चाऱ्यासाठीं दिलेली झाडी राजानें परत घेतली होती. न्यायनिवाडा करणारे स्वतः राजेसाहेबच. त्यांच्या कुत्र्याला या वकीलबाई आवडल्या, म्हणून निकाल बाईंच्या बाजूनें लागला. हत्तीचें भलें झालें खरें, पण असल्या न्यायावर पोरक्या मुलांनीं कितपत विसंबावें?

आतां मुख्य कामाकडे वळूं. त्या काळीं बंगालप्रांतीं कोर्ट ऑफ वॉर्ड्स नांवाचें सरकारी खातें असे. जमीनदार वारला व वारस अज्ञान मूल, किंवा कारभारास असमर्थ ठरविलेली स्त्री असली, म्हणजे हें खातें मिळकत ताब्यांत घेई: सारा भरावयाचा, कर्ज फेडावयाचें, मुलास शिकवावयाचें, आणि तें वयांत आलें म्हणजे सर्व कांहीं त्याच्या स्वाधीन करावयाचें. इतर मुलें अठराव्या वर्षीं सज्ञान होत. पण १८७५ च्या कायद्यान्वयें या मुलांस २१ वर्षें पुरीं होईपर्यंत अज्ञानच मानीत. हेतु चांगला होता. अडचण निराळीच होती. कलेक्टर पुरुष, मुलाची आई पडद्यांत. ती काय म्हणते हें साहेबांस कळावयाचें तें दिवाणाच्या तोंडून, आणि साहेबांचा हुकूम तिला कळावयाचा तोही त्याच्याच तोंडून. पडद्यामागचा आवाज राणीचा कीं दासीचा, हेंसुद्धां सांगतां येत नसे. शिक्का मात्र कागदावर बरोबर उमटे.

येथें स्त्री वकील हवी, असा अर्ज कॉर्नेलियाबाईंनीं १९०२ पासून विलायत सरकारकडे लावून धरला. १९०४ सालीं बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सनें त्यांची नेमणूक केली, आणि १९०७ पर्यंत बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम एवढा मुलूख त्यांच्या फिरतीचा झाला. आगगाडी, होडी, पालखी, मिळेल तें वाहन घेऊन त्या जात, आणि जेथें कलेक्टरास पाऊल टाकतां येत नव्हतें त्या अंतःपुरांत जाऊन बसत. नेमणुकीची रक्कम हातीं पडते कीं वाटेंतच आटते? मुलास शिकवावयास कोणी येतो काय? तें आजारी असल्यास औषध कोण देतो? शेवटचा प्रश्न साधा नव्हता. वारसाच्या जिवावर उठणारे आप्त कांहीं घरांत होते, व विषाची धास्ती खरी होती. सासवासुनांचे तंटे, दत्तकाचे वाद, सगळें त्या ऐकून घेत आणि मग कायद्याच्या भाषेंत सरकारास कळवीत. आईचें म्हणणें कानीं पडल्यावांचून मुलाचें हित ठरवितां येत नाहीं, या धोरणानें त्या चालत. पडदा मोडा, असें त्यांनीं त्या घरांत सांगितलें नाहीं. यामुळें कित्येक सुधारकांचा त्यांजवर रोष होता. आम्हांस वाटतें, पहिल्याच भेटींत तसें सांगत्या तर दुसरी भेट घडली नसती.

सुमारें ६०० स्त्रिया व पोरकीं मुलें यांस त्यांनीं साहाय्य केलें असा अंदाज आहे, कांहींस तर एक पैही न घेतां. १९०९ सालीं त्यांस कैसर-इ-हिंद पदक मिळालें. आणि या बहुतेक सर्व काळांत न्यायासनापुढें उभें राहून वकील म्हणून बोलण्याचा हक्क त्यांस नव्हता! अलाहाबाद हायकोर्टानें त्यांचें नांव पटावर घेतलें तें १९२१ सालीं. ऑक्सफर्डची पदवी हातीं पडली १९२२ सालीं, परीक्षेनंतर तीस वर्षांनीं. पुढच्याच वर्षीं त्या लिंकन्स इनच्या बॅरिस्टर झाल्या, आणि त्याच सालीं हिंदुस्थानांतही स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा झाला. कलकत्त्यास त्यांनीं वकिली मांडली; पण त्यांच्याकडे येत ते बहुधा नुसत्या अभिप्रायाचे कागद. कोर्टांत बोलावयाची कामें पुरुष वकिलांकडेच जात.

त्यांच्या राजकीय मतांविषयीं मौन पाळणें बरें नव्हे. इंग्रजी राज्यावर त्यांची दृढ श्रद्धा होती. गांधीजींच्या चळवळीस त्यांनीं उघड विरोध केला, आणि १९२७ सालीं मिस मेयो यांच्या ‘मदर इंडिया’ या पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळें स्वदेशांत त्यांचे स्नेही दुरावले. या बाबतींत त्यांची चूक झाली असें आमचें मत आहे. परंतु पडद्याआडच्या घरांतून त्यांनीं ज्या मुलांची वास्तपुस्त केली, त्यांस या मतभेदाशीं कांहीं कर्तव्य नव्हतें.

१९२९ सालीं निवृत्त होऊन त्या लंडनला राहिल्या. १९३४ सालीं ‘इंडिया कॉलिंग’ हें आत्मवृत्त प्रसिद्ध झालें. उतारवयांत त्यांची दृष्टि अधू झाली होती. ६ जुलै १९५४ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, त्या लंडन येथें वारल्या. लिंकन्स इनमध्यें २०१२ सालीं त्यांचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. पुण्यांत त्यांच्या भगिनी सुसीबाई यांनीं काढलेली सेंट हेलेनाज ही मुलींची शाळा आहे. तिच्यावरून जातांना या घराण्याची आठवण होते.